हलवायाच्या घरावर तुळशीपत्र : ॲरिझोनाच्या घरनिधीचे प्रकरण

फीनिक्समधल्या एखाद्या हॉटेलात खोल्या आवरणारी बाई नोकरी सोडते. शेवटच्या आठवड्याच्या पगाराचा चेक तिच्या जुन्या पत्त्यावर जातो. तोवर तिने घर बदललेले असते. चेक हॉटेलकडे परत येतो आणि हिशेबात 'देणे' म्हणून पडून राहतो. रक्कम असेल दीडशे-दोनशे डॉलर. एवढ्यासाठी ती परत फिरकत नाही, आणि हॉटेलही तिला शोधत बसत नाही.

हे पैसे हॉटेलला मात्र गिळता येत नाहीत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा बेवारस मालमत्तेचा कायदा आहे. ॲरिझोनात पगाराची एक वर्ष वाट पाहायची, बहुतेक बाकीच्या रकमांची तीन वर्षे, आणि तरी धनी उगवला नाही तर पैसे राज्याच्या महसूल खात्याकडे भरायचे. बँकेतली विसरलेली खाती, शेअरचे न वटवलेले लाभांश, विम्याचे परतावे, लॉकरमधल्या वस्तू, सगळे याच वाटेने जाते. राज्य या पैशाचे मालक होत नाही, राखणदार होते. ॲरिझोनात धन्याला दावा सांगायला ३५ वर्षांची मुदत आहे.

पण राखणदाराच्या तिजोरीत दरवर्षी नवे पैसे येतात आणि त्यातले थोडेच परत मागितले जातात. जो भाग कुणी मागत नाही, त्याचे काय करायचे? ॲरिझोनाने १९८८ साली उत्तर दिले की गरिबांसाठी घरे बांधू. ते उत्तर पुढे कसे वाढले, कसे छाटले गेले आणि छाटताना कुणाला फारसा आवाज का आला नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कर न लावता पैसा

१९८८ हे ॲरिझोनाच्या राजकारणातले विचित्र वर्ष. गव्हर्नर इव्हान मेकम यांच्यावर महाभियोग चालला, एप्रिलमध्ये सिनेटने त्यांना पदावरून काढले आणि रोझ मॉफर्ड राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या. त्याच वर्षी विधिमंडळाने हाउसिंग ट्रस्ट फंड उभा केला. त्याचे उत्पन्न म्हणून बेवारस मालमत्तेच्या पैशातला ३५ टक्के वाटा ठरवून दिला. पुढे तो वाढवून ५५ टक्के केला.

असा फंड काढणारे ॲरिझोना हे एकटे राज्य नव्हते. पण बहुतेक राज्यांनी या फंडांना जमीन-घरांच्या व्यवहारांतून पैसा दिला: दस्त नोंदणीचे शुल्क, मुद्रांक, हस्तांतरण कर. त्यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. घरांच्या किमती चढल्या की व्यवहार वाढतात, शुल्क वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी ज्यांना घर परवडेनासे होते त्यांच्यासाठीचा निधीही वाढतो. ॲरिझोनाने हा रस्ता धरला नाही, आणि नंतर तर तो बंदच करून टाकला. २००८ च्या नोव्हेंबरात तिथल्या मतदारांनी 'प्रस्ताव १००' मंजूर करून घर-जमिनीच्या हस्तांतरणावर नवा कर लावायला राज्यघटनेतच मनाई केली. तीन-चतुर्थांशाहून अधिक मते बाजूने होती. त्याआधी १९९२ सालीच मतदारांनी असे ठरवले होते की कोणताही कर वाढवायचा तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागेल.

या पार्श्वभूमीवर बेवारस पैसा किती सोयीचा वाटला असेल ते समजते. कुणावर कर नाही, कुणाचे बिल वाढत नाही, बिल्डरांची लॉबी चिडत नाही, बँका आधीपासूनच पैसे भरत आहेत. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. फरक एवढाच की इथे हलवाई कोण हेच कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे तो भांडायला येत नाही. आणि माझ्या मते या फंडाची पुढची सगळी कहाणी याच एका वाक्यात आहे. ज्या कारणाने हा पैसा घरांसाठी सहज मिळाला, त्याच कारणाने तो घरांकडून सहज काढून घेता आला.

तो पैसा काय करत होता

फंडाचा पैसा म्हणजे सरकार विटा-सिमेंट आणून इमारत बांधते असे नव्हे. अमेरिकेत १९८६ पासून गरिबांसाठीच्या भाड्याच्या घरांचा मुख्य आधार म्हणजे केंद्र सरकारची करसवलत. बांधणाऱ्याला सवलतीचे प्रमाणपत्र मिळते, तो ते बँकांना किंवा मोठ्या कंपन्यांना विकतो आणि त्यातून भांडवल उभे करतो. उरलेल्या खर्चासाठी कर्ज. पण कर्ज मिळते ते येणाऱ्या भाड्याच्या हिशेबाने, आणि इथे भाडे मुद्दाम कमी ठेवायचे असते. म्हणजे कर्ज कमी मिळणार. मध्ये भोक उरते.

समजा साठ घरांची इमारत आहे. खर्च दीड कोटी डॉलर. सवलत विकून आले नव्वद लाख, बँकेने दिले चाळीस लाख. वीस लाख कमी पडतात. हे वीस लाख कुणी दिले नाहीत तर नव्वद आणि चाळीसही येत नाहीत, कारण अर्धवट इमारतीला ना बँक हात लावते ना सवलत विकत घेणारा. ट्रस्ट फंडाचे काम हे शेवटचे वीस लाख देण्याचे. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण रचना अशीच असते. घर बांधणाऱ्या संस्था या पैशाला इतक्या हळव्या का असतात, ते यावरून कळावे. रक्कम लहान असते, पण तीच चावी असते.

शिवाय हा पैसा लवचीक होता. केंद्राच्या निधीबरोबर अटींची माळ येते: अमुक उत्पन्न, अमुक वेतनदर, अमुक प्रकारची इमारत. राज्याचा स्वतःचा फंड त्यामानाने मोकळा. कायद्याने प्राधान्य कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना द्यायचे, एवढी दिशा ठरलेली. त्यातून भाड्याची इमारत उभी राहू शकत होती, बेघरांचा निवारा चालू शकत होता, घरातून बाहेर काढले जाण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबाचे एक-दोन महिन्यांचे भाडे भरता येत होते, म्हाताऱ्या घरमालकिणीचे गळके छप्पर किंवा बंद पडलेला कूलर दुरुस्त करता येत होता. फीनिक्समध्ये कूलर ही चैन नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर गेला. त्या वर्षी एकट्या मॅरिकोपा काउंटीत ६४५ मृत्यू उष्णतेशी जोडले गेले आणि मृतांत बेघरांची संख्या मोठी होती.

ॲरिझोनाचा आकार लक्षात यायचा असेल तर महाराष्ट्र डोळ्यांसमोर आणावा. क्षेत्रफळ जवळपास तेवढेच, किंचित कमी. लोकसंख्या मात्र पाऊण कोटीच्या आसपास, आणि तीही बहुतांश फीनिक्स आणि टूसॉनच्या परिसरात दाटलेली. बाकी वाळवंट, डोंगर, नव्हाहो आणि होपींसारख्या आदिवासी राष्ट्रांची भूमी, आणि विखुरलेली छोटी गावे. अशा गावात वीस घरांच्या इमारतीसाठी खाजगी भांडवल येत नाही. तिथे राज्याचा फंड नसेल तर काहीच नसते.

मंदीच्या आधीच्या चांगल्या वर्षांत या फंडात वर्षाला तीन-चार कोटी डॉलर येत. श्रीमंत देशाच्या मानाने ही रक्कम डोळे दिपवणारी नाही. पण वरचे गणित धरले तर अशा पंधरा-वीस इमारतींच्या चाव्या त्यात होत्या.

दुष्काळात तेरावा महिना

२००७-०८ चे घरबाजाराचे संकट ज्या राज्यांना सर्वांत जास्त झोंबले त्यांत कॅलिफोर्निया, नेवाडा, फ्लोरिडा यांच्याबरोबर ॲरिझोना होते. फीनिक्समधल्या घरांच्या किमती शिखरापासून निम्म्याहून अधिक खाली आल्या. राज्याची कमाई विक्रीकरावर आणि बांधकामावर उभी होती, दोन्ही एकदम आटले. २००९ च्या जानेवारीत गव्हर्नर जॅनेट नॅपोलिटानो ओबामांच्या मंत्रिमंडळात गेल्या आणि जॅन ब्रूअर यांच्या हाती रिकामी तिजोरी आली.

किती रिकामी? २०१० च्या जानेवारीत राज्याने स्वतःच्या सरकारी इमारती विकल्या. प्रतिनिधिगृह आणि सिनेट जिथे बसतात त्या इमारतीही त्यात होत्या. सगळ्या मिळून ७३.५ कोटी डॉलर उभे केले आणि त्याच इमारती भाड्याने घेऊन कारभार चालू ठेवला. आमदार भाड्याच्या घरात बसून कायदे करू लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मतदारांनी तीन वर्षांसाठी विक्रीकर एक टक्क्याने वाढवायला मान्यता दिली. (त्या प्रस्तावाचा क्रमांकही १००. दोन वर्षांपूर्वीच्या १०० ने एका कराचे दार कायमचे बंद केले होते, या १०० ने दुसऱ्या कराचे तात्पुरते उघडले. ॲरिझोनाचे राजकारण वाचताना ही गल्लत हमखास होते.)

अशा घरात कोपऱ्यातला प्रत्येक डबा उघडून पाहिला जातो. राज्याच्या अर्थसंकल्पात अनेक राखीव फंड होते आणि त्यांतले पैसे सर्वसाधारण तिजोरीत ओढून घेण्याचा सपाटा लागला. हाउसिंग ट्रस्ट फंडाच्या शिलकीवर हात पडलाच, पण खरा घाव तो नव्हता. शिलक एकदा जाते, पुढच्या वर्षी पुन्हा साचते. खरा घाव सूत्रावर पडला. ५५ टक्के हा वाटा काढून टाकला आणि त्या जागी ठोक आकडा आला: वर्षाला २५ लाख डॉलर. बेवारस पैसा कितीही येवो, घरांना २५ लाखच.

टक्का काढून आकडा बसवणे ही अर्थसंकल्पातली फार गुळगुळीत युक्ती आहे, म्हणून तिच्याजवळ थोडे थांबतो. 'फंड बंद केला' असे कुणाला म्हणता येत नाही, कारण फंड आहे. 'निधी शून्य केला' असेही नाही, कारण २५ लाख आहेत. वर्तमानपत्राला मथळा मिळत नाही. आणि त्यानंतर बेवारस पैशाची आवक जेवढी वाढेल ती सगळी वाढ आपोआप सर्वसाधारण तिजोरीकडे जाते, दरवर्षी नव्याने काही ठरवायची गरज उरत नाही. टक्का काळाबरोबर मोठा होतो. आकडा बसल्या जागी झिजतो. २०१० पासून २०२४ पर्यंत अमेरिकेतली महागाई चाळीस टक्क्यांहून जास्त वाढली, आणि बांधकामाचा खर्च त्याहून वेगाने. वरच्या गणिताने २५ लाखांत, महाराष्ट्राएवढ्या राज्यात, वर्षाला एक इमारत आणि थोडी चिल्लर.

वाटपाच्या कलमात आणखी काही रांगेत होते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांच्या घरांसाठी वेगळा फंड, त्याला २० लाख. महसूल खात्याच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चासाठी घरांच्या कितीतरी पट मोठी रक्कम. लोकांनी परत न घेतलेल्या वीज-पाण्याच्या अनामती मात्र वेगळ्या काढून गरिबांची वीजबिले भरायला वापरल्या जातात. ही तरतूद मला या सगळ्या कायद्यात सर्वांत सुबक वाटते. विजेचा पैसा विजेला. कुठून आला आणि कुठे गेला हे कुणालाही एका वाक्यात सांगता येते, आणि म्हणूनच त्याच्यावर डोळा ठेवणे जरा अवघड जाते.

ज्या फंडाला हात लावता आला नाही

त्याच वर्षी, म्हणजे २०१० साली, त्याच विधिमंडळाने दुसऱ्या एका फंडावरही डोळा ठेवला होता. लहान मुलांच्या शिक्षण-आरोग्यासाठी तंबाखूवरच्या करातून चालणारा 'फर्स्ट थिंग्ज फर्स्ट' नावाचा कार्यक्रम. त्यातही पैसा होता, आणि तिजोरीला तोही हवा होता. पण तो घेता आला नाही.

कारण तो फंड आमदारांनी नव्हे, मतदारांनी काढला होता, २००६ च्या निवडणुकीत. आणि १९९८ साली मतदारांनी असा नियम घटनेत घातला होता की आम्ही मंजूर केलेल्या कायद्यात विधिमंडळाला हात घालायचा तर तीन-चतुर्थांश मते लागतील, आणि बदल मूळ हेतू पुढे नेणारा असावा लागेल. म्हणून फंड मोडायला पुन्हा मतदारांकडेच जावे लागले. २०१० च्या नोव्हेंबरात 'प्रस्ताव ३०२' मांडला गेला. मंदी होती, बेकारी होती, इमारती विकल्या होत्या. तरी सुमारे ७० टक्के मतदारांनी नाही म्हटले.

हे दोन फंड शेजारी ठेवून पाहावेत. राज्य तेच, वर्ष तेच, भूक तीच. एक वाचला, एक छाटला. घरांची गरज लहान मुलांच्या गरजेपेक्षा कमी होती असे कुणी म्हणणार नाही. ज्या कुटुंबांची घरे बँकांनी जप्त केली त्यांतही लहान मुले होतीच. फरक होता तो कुंपणाचा. मुलांच्या फंडाला मतदारांचे कुंपण होते आणि ओळखीचा चेहरा होता. घरांच्या फंडाला साध्या बहुमताने उठवता येईल असे एक कलम होते, आणि त्याचा स्रोत इतका अनोळखी की ॲरिझोनातल्या सामान्य माणसाला विचारले असते तर आपल्या राज्यात असा काही फंड आहे हेही त्याने पहिल्यांदाच ऐकले असते. आपल्याकडे म्हणतात तसे, गरीब बिचारी कुणीही हाका.

यावर एक बचाव ऐकू येतो आणि तो अगदीच फोल नाही. मंदीत घरांच्या किमती निम्म्यावर आल्या, हजारो घरे रिकामी पडली, मग त्या क्षणी नवी घरे बांधायला पैसा कशाला? एका-दोन वर्षांसाठी हा युक्तिवाद मी मान्य करीन. पण मग मर्यादेलाही मुदत घालायची होती, जशी त्या विक्रीकराला घातली. कर तीन वर्षांनी संपला. मर्यादा संपली नाही.

नंतरचे दशक

किमती परत चढल्या, आणि काय चढल्या. २०२१ मध्ये मोठ्या अमेरिकन शहरांत घरांच्या किमती सर्वांत वेगाने वाढण्याचा मान महिनोन्महिने फीनिक्सकडे होता. कॅलिफोर्नियातून माणसे येत होती, भाडी उसळत होती. २०२२ पर्यंत राज्याचे गृहनिर्माण खातेच सुमारे २,७०,००० घरांचा तुटवडा सांगू लागले. मॅरिकोपा काउंटीत जानेवारी २०२३ मधल्या एका रात्रीच्या गणतीत ९,६४२ माणसे बेघर आढळली. फीनिक्सच्या मध्यवस्तीजवळ 'द झोन' नावाने ओळखला जाणारा तंबूंचा तळ पसरला, ऐन भरात तिथे हजाराहून अधिक लोक राहत होते. आजूबाजूचे दुकानदार कोर्टात गेले आणि कोर्टाच्या आदेशाने २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत तो हटवावा लागला.

या सगळ्या काळात कलमातला आकडा २५ लाखच होता. मर्यादा उठवा अशी मागणी घरांसाठी काम करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षे करत राहिल्या.

शेवटी पैसा आला तो दुसऱ्याच दाराने. राज्याची तिजोरी भरली तेव्हा २०२२ च्या अर्थसंकल्पात फंडाला ६ कोटी डॉलर दिले गेले, आणि २०२३ मध्ये नव्या गव्हर्नर केटी हॉब्ज यांच्या पहिल्या अर्थसंकल्पात १५ कोटी. फंडाच्या इतिहासात एवढी रक्कम कधी आली नव्हती. संस्थांनी टाळ्या वाजवल्या, आणि वाजवाव्यात अशीच गोष्ट होती. पण ही एकवेळची देणगी होती, शिलकीतून दिलेली. घर बांधणाऱ्याचे वेळापत्रक वेगळे असते: जमीन शोधायला एक वर्ष, परवानग्या आणि करसवलतीच्या अर्जाला आणखी एक, मग बांधकाम. त्याला यंदा १५ कोटी आणि पुढे देव जाणे, यापेक्षा दरवर्षी खात्रीचे तीन कोटी जास्त उपयोगाचे असतात. खात्रीच्या पैशावर तो जमिनीचा सौदा करू शकतो. लॉटरीवर कुणी सौदा करत नाही. आणि पुढच्याच वर्षी राज्य पुन्हा तुटीत गेले.

पैसा नेमका कुणाचा

इथवर मी घरांच्या बाजूने बोललो. आता हलवायाच्या बाजूने थोडे.

बेवारस पैशावर एखादे चांगले काम चालू लागले की राखणदाराची नियत बदलते. धनी सापडला तर फंड कमी, धनी सापडला नाही तर फंड जास्त. महसूल खात्यात बसलेला माणूस कितीही सज्जन असो, धनी शोधण्याच्या जाहिरातींवर जास्त खर्च करायला त्याला कोण सांगणार? आता नाव टाकून शोधता येणाऱ्या वेबसाइट आहेत. इलिनॉयसारखी राज्ये सरकारी नोंदी ताडून लहान रकमांचे चेक माणसाने न मागताच त्याच्या घरी पाठवतात. मला हे सरकारचे पहिले कर्तव्य वाटते. त्यातून उरेल ते घरांना.

हे पैसे बहुतेक गरिबांचे, फिरत्या माणसांचे असतात असा एक समज आहे. काही असतात, हॉटेलातल्या त्या बाईचे असतात. पण मोठ्या रकमा शेअर, विमा आणि कंपन्यांच्या आपसांतल्या देण्यांतून येतात. कुठल्या राज्याने कुणाचा पैसा घ्यायचा यावर तर राज्याराज्यांतच भांडणे झाली आहेत. १९६५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सस विरुद्ध न्यू जर्सी या खटल्यात नियम घालून दिला: धन्याचा शेवटचा माहीत असलेला पत्ता ज्या राज्यातला, त्या राज्याला पैसा. पत्ताच नसेल तर कंपनी ज्या राज्यात नोंदलेली त्याला. त्या खटल्यातली रक्कम होती सुमारे २६ हजार डॉलर, एका तेल कंपनीने सतराशेच्या वर लोकांना देणे असलेली. एवढ्याशा पैशासाठी चार राज्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उभी होती, यावरून बेवारस पैशाची गोडी कळते.

काही राज्यांनी ही गोडी आवरायची सोय आधीच केली. ऑरेगनमध्ये हा पैसा शाळांच्या फंडात जातो, पण मुद्दल धन्यासाठी राखून ठेवतात आणि शाळांना त्यावरचे उत्पन्न मिळते. नॉर्थ कॅरोलायनाने तर बेवारस मालमत्ता विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी वापरायची हे राज्यघटनेतच लिहिले आहे. मुद्दल न खाण्याची अट घरांच्या कामाला तितकीशी सोयीची नाही हे मान्य, इमारतीचे ते शेवटचे वीस लाख मुद्दलच असतात. पण तो पैसा अनुदानाऐवजी सावकाश फेडीच्या, कमी व्याजाच्या कर्जाने दिला तर वीस-तीस वर्षांत परत येतो, आणि पुन्हा देता येतो.

उलट टोकाला ओहायो आहे. २०२५ च्या जूनअखेरीस तिथल्या गव्हर्नरांनी अर्थसंकल्पावर सही केली आणि बेवारस निधीतले ६० कोटी डॉलर क्लीव्हलँडच्या फुटबॉल संघाच्या नव्या स्टेडियमसाठी ठरले. त्यासाठी दहा वर्षांहून जुने पैसे सरळ राज्याच्या मालकीचे करण्याची तरतूद झाली. धन्यांच्या वतीने लगेच खटला दाखल झाला. लोक चिडले ते स्टेडियम होते म्हणून. घरे असती तर इतके चिडले असते का? मला शंका आहे, आणि त्या शंकेने मला जरा अस्वस्थ केले. राखणदाराने ठेव वापरण्याचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे, ठेवीतून काय बांधले यावर तो बदलत नाही.

आपल्या बँकांतले ७८ हजार कोटी

हे वाचताना भारतातली रक्कम आठवणे साहजिक आहे. दहा वर्षे हात न लागलेल्या बँक ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जातात. मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी रुपये होते. 'म्हाडाला द्या की, घरे बांधतील' असे म्हणणारा माणूस प्रत्येक चर्चेत एक तरी भेटतो. कायदा सध्या तसे करू देत नाही. तो निधी ठेवीदारांच्या हितासाठी आहे, ठेवीदार किंवा वारस कधीही आला तरी बँकेने पैसे द्यायचे आहेत, आणि व्याजी ठेवींवर व्याजही, २०२१ पासून ३ टक्के. २०२३ च्या ऑगस्टपासून 'उद्गम' पोर्टलवर नाव टाकून अनेक बँकांतल्या ठेवी एकाच जागी शोधता येतात.

ॲरिझोनाच्या जास्त जवळ जाणारी आपली गोष्ट वेगळीच आहे: २०१५ च्या वित्त कायद्याने काढलेला ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी. अल्पबचत आणि भविष्य निर्वाह निधीसारख्या खात्यांत पडून राहिलेला पैसा त्यात वळतो आणि वृद्धांच्या योजनांसाठी वापरायचा असतो. धन्याला दाव्यासाठी २५ वर्षे आहेत, मग तो सरकारजमा. म्हणजे बेवारस पैसा सामाजिक कामाला लावायचे तत्त्व आपण स्वीकारलेलेच आहे. घरांसाठी कुणी तशी मागणी आणली, तर मी त्या मसुद्यात आधी दोन ओळी शोधीन: वाटा टक्क्यांत आहे की रुपयांत, आणि तो बदलायला किती मते लागतात.

ॲरिझोनाच्या कलमात २०२३ सालीही, १५ कोटींच्या घोषणेच्या वर्षीही, घरांच्या नावापुढे २५ लाख डॉलरच लिहिलेले होते.